यंत्र धडधाकट, मुदत संपलेली

पूर्वी घरातील वस्तू म्हातारी होत असे. शिवणयंत्राचा पट्टा सैल पडे, भिंतीवरच्या घड्याळाची कमान थकून जाई, पंख्यातून कुरकुर ऐकू येऊ लागे. आणि मग घरातील मंडळी समजून चुकत की, या वस्तूची सेवा आता फार दिवस मिळावयाची नाही. तरीही ती एकदम टाकून देण्यात येत नसे. कारागीर येई, पट्टा बदली, तेल घाली, आणि आजीने वापरलेल्या यंत्रावर नातवंडांची झबली शिवून होत. वस्तूचे आयुष्य तिच्या झिजेवर अवलंबून असे. दूरदेशीच्या कोणा कारखानदाराच्या दिनदर्शिकेवर नव्हे.

संगणकाने हा जुना हिशेब बदलून टाकला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, मंगळवारी, जगातील कोट्यवधी संगणक नेहमीप्रमाणे सुरू झाले. त्यांवर पत्रे लिहिली गेली, जमाखर्च मांडले गेले, मुलांचे अभ्यास झाले, आणि रात्री ते नेहमीप्रमाणे बंद करण्यात आले. त्यांच्या कोठल्याही भागास इजा झालेली नव्हती. परंतु त्यांत चालणाऱ्या ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नियमित सांभाळ मायक्रोसॉफ्ट कंपनीने त्या दिवशी संपविला. यंत्र धडधाकट, पण मुदत संपलेली, अशी ही विलक्षण अवस्था होय. तिच्याविषयी लोकांच्या मनात जो वैताग साचला आहे तो कितपत रास्त आहे, आणि त्याचा रोख नेमका कोणाकडे असावा, हे शांतपणे पाहण्याजोगे आहे.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्र आणि माणूस यांच्यामधील कारभारी. कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यावर नेणे, कोणती फाईल कोठे ठेवली याची नोंद राखणे, छपाईच्या यंत्रास निरोप देणे आणि परक्यास दाराशी अडविणे, ही सर्व कामे त्याच्याकडे असतात. हा कारभारी कोट्यवधी ओळींच्या सूचनांचा बनलेला असतो, आणि त्या सूचना माणसांनीच लिहिलेल्या असल्यामुळे त्यांत चुका राहतात. नवे घर बांधून झाले म्हणजे पहिल्या पावसात गळती कोठे आहे ते कळते, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की, घराची गळती घरमालकास आधी दिसते. प्रणालीतील फट मात्र पुष्कळदा चोरास आधी सापडते. म्हणून विकलेल्या प्रणालीवर कंपनीस पुढेही ठिगळे लावीत राहावे लागते. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अशी ठिगळे एकत्र पाठविण्याचा प्रघात पाडला. विंडोज १० चा अखेरचा दिवसही असाच एक दुसरा मंगळवार होता.

ही डागडुजी अनावश्यक आहे, असे कोणीही समजू नये. २०१७ सालचा अनुभव या बाबतीत पुरेसा बोलका आहे. विंडोजमधील एक गंभीर फट बुजविणारे ठिगळ त्या वर्षी १४ मार्च रोजी प्रसिद्ध झाले. पुढे दोन महिनेही झाले नाहीत, तोच १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने त्याच फटीतून शिरून सुमारे दीडशे देशांतील संगणक ओलीस धरले. फायलींना कुलूप लावावयाचे आणि किल्लीसाठी पैसे मागावयाचे, अशी त्याची रीत. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ न्यासांपैकी किमान ८१ न्यासांना त्याची झळ पोहोचली, आणि रुग्णांच्या सुमारे १९ हजार भेटी रद्द झाल्या असाव्यात असा अंदाज पुढे चौकशीत मांडला गेला. विंडोज एक्सपीचा सांभाळ तर तीन वर्षांपूर्वीच थांबलेला होता. तरी अनर्थ पाहून कंपनीने तिच्यासाठीही तातडीने एक ठिगळ काढले. ज्यांनी मार्चमधील दुरुस्ती वेळेवर करून घेतली, त्यांच्या दारावरून हे संकट निघून गेले.

मग प्रश्न असा की, इतके असूनही माणसे अपडेट करावयास का कचरतात? त्यांना आळशी किंवा अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते न्याय्य नाही. त्यांच्या टाळाटाळीमागे अनुभव आहे. विंडोज १० ही प्रणाली जुलै २०१५ मध्ये आली, तेव्हा जुन्या विंडोजच्या धन्यांना ती वर्षभर विनामूल्य देऊ करण्यात आली होती. हे औदार्य हळूहळू आग्रहात आणि आग्रह अट्टाहासात बदलत गेला. २०१६ च्या मे महिन्यापर्यंत गोष्ट अशी झाली की, पडद्यावरील सूचनेच्या कोपऱ्यातील फुली दाबून ती सूचना बंद केली, तरी ठरलेल्या वेळी नवी प्रणाली चढविण्याचा बेत रद्द होत नसे. जगभर फुलीचा अर्थ ‘नको’ असा होतो. येथे तिचा अर्थ ‘चालू द्या’ असा करण्यात आला. पुढे टीकेमुळे ही रीत बदलावी लागली. पण विश्वासाला तडा गेला तो गेलाच.

दुसरा अनुभव ऑक्टोबर २०१८ मधील. त्या महिन्याच्या आरंभी विंडोज १० ची जी नवी आवृत्ती निघाली, तिने काही लोकांच्या संगणकांवरील कागदपत्रे व छायाचित्रेच पुसून टाकली. काही दिवसांतच ती आवृत्ती मागे घ्यावी लागली, आणि दुरुस्त होऊन पुन्हा बाहेर यावयास नोव्हेंबर उजाडला. असे नुकसान झालेल्यांची संख्या एकूण ग्राहकांच्या मानाने लहान होती. परंतु डागडुजीसाठी घरात घेतलेल्या गवंड्याने कपाटातील दस्तऐवज जाळले, अशी एक जरी गोष्ट गावात पसरली, तरी शेजारीपाजारी आपले दार उघडताना दहा वेळा विचार करतात. यात नवल ते काय?

खरी गोम अशी आहे की, ‘अपडेट’ या एकाच शब्दाखाली दोन अगदी निराळ्या गोष्टी ग्राहकाच्या घरात येतात. एक, गळती बुजविण्याची डागडुजी. आणि दुसरी, नवी रंगरंगोटी, नवी मांडणी, नवी हौस. पहिली आवश्यक असते व ती तातडीने व्हावी लागते. दुसरी बहुधा कोणी मागितलेली नसते. छप्पर शिवून देतो असे सांगून आलेल्या माणसाने जाता जाता स्वयंपाकघराची चूल परसदारी नेऊन ठेवावी, तसे हे होते. वर्षानुवर्षे हात बसलेली बटणे सापडेनाशी होतात, छपाईचे यंत्र ओळख विसरते, आणि ऐन कामाच्या घाईत संगणक आपण होऊन बंद-चालू होऊ लागतो. या दुसऱ्या गोष्टीच्या त्रासामुळे लोक पहिलीलाही नकार देतात, आणि मग वॉनाक्रायसारख्याला दार उघडे सापडते.

आता मुदतीकडे वळू. विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये आली आणि तिचा सांभाळ ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. म्हणजे साडेबारा वर्षे. विंडोज ७ ला ऑक्टोबर २००९ ते जानेवारी २०२० अशी सव्वादहा वर्षे मिळाली. विंडोज १० लाही दहा वर्षांहून थोडा अधिक काळ मिळाला. हे आकडे ऐकून कोणी म्हणेल की, दहा वर्षे काय थोडी झाली? परंतु ही वर्षे मोजली जातात ती प्रणाली बाजारात आल्याच्या दिवसापासून, ग्राहकाने ती घेतल्याच्या दिवसापासून नव्हे. विंडोज १० चे परवाने कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ३१ जानेवारी २०२३ पर्यंत विकले जात होते. त्या दिवशी पैसे मोजणाऱ्यास दहा वर्षे नव्हे, पावणेतीन वर्षेही पुरती लाभली नाहीत. यात्रेत अखेरच्या दिवशी दुकान लावणाऱ्याकडून साऱ्या यात्रेचे भाडे घ्यावे, तशातला हा हिशेब आहे.

शिवाय नव्या घरात जावयाचे म्हटले तरी दारावर अट आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ला सुरक्षेसाठी टीपीएम २.० ही विशेष सोय आणि ठराविक यादीतील प्रोसेसर लागतो; इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणपणे २०१७ मध्ये निघू लागलेल्या आठव्या पिढीपासून सुरू होते. तिच्या अलीकडचा संगणक कितीही उत्तम चालत असला, तरी अधिकृतपणे त्यास प्रवेश नाही. अशा ग्राहकांस कंपनीने वर्षभराची वाढीव सुरक्षा देऊ केली; तीही पुष्कळ देशांत तीस डॉलर भरून किंवा कंपनीच्या खात्याशी आपला संगणक जोडून. युरोपातील ग्राहकसंघटनांनी आवाज उठविला, तेव्हा तेथे ती विनामूल्य झाली. म्हणजे जे तांत्रिकदृष्ट्या अशक्य म्हणून भासविले जाते, ते पुष्कळदा केवळ व्यापारी निर्णयाचे फलित असते, हेही यावरून दिसून आले.

हा प्रश्न केवळ दूरदेशीच्या कंपन्यांचा नाही. तो मराठी अक्षराच्याही दाराशी येऊन ठेपला आहे. बेळगाव असो, इंदूर असो की वडोदरे असो, लग्नपत्रिका, वार्षिक अहवाल आणि स्मरणिका छापणाऱ्या लहान छापखान्यांचे काम १९९० नंतर हळूहळू संगणकावर आले. त्या वेळच्या प्रचलित प्रणालींत देवनागरीस स्वतःची जागा नव्हती. म्हणून फॉन्ट बनविणाऱ्यांनी एक युक्ती योजिली. रोमन अक्षरांच्या घरांत त्यांनी मराठी अक्षरांची चित्रे बसविली. संगणक आपल्या मते इंग्रजी अक्षरे साठवीत असे. डोळ्यांना मात्र मराठी दिसे. प्रत्येक कंपनीची घरांची वाटणी निराळी होती, आणि चोरी होऊ नये म्हणून कित्येकांनी संगणकाच्या पाठीमागे खोचावयाचे एक छोटे कुलूपही दिले होते. त्यास लोक डोंगल म्हणतात. पाने लावण्यासाठी बहुतेकांचा भरवसा पेजमेकरवर असे. त्याची अखेरची मोठी आवृत्ती २००१ मध्ये निघाली, आणि २००४ मध्ये पुढील विकास थांबविण्यात आला.

अशा रीतीने एक साखळी तयार झाली. मजकूर फॉन्टला बांधलेला, फॉन्ट पेजमेकरला, पेजमेकर जुन्या विंडोजला, जुनी विंडोज जुन्या यंत्राला, आणि यंत्र त्या पाठीमागच्या कुलपाला. म्हणूनच एखाद्या छापखान्याच्या कोपऱ्यात इंटरनेटपासून तोडलेला एक पिवळट पडलेला संगणक अजून जपून ठेवलेला आढळतो. पाहणाऱ्यास तो जुनाटपणा वाटतो. वस्तुतः वीस-पंचवीस वर्षांचा मजकूर जिवंत ठेवण्याची ती धडपड असते. ते यंत्र बंद पडले की, संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची फाईल दुसरीकडे उघडते खरी. पण तिच्यात रोमन अक्षरे, टिंबे आणि चिन्हे यांचा अर्थहीन गलबला दिसतो. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी समाजाच्या बाबतीत ही हानी अधिक लागते. कारण तेथील एखाद्या मंडळाच्या इतिहासाची दुसरी प्रत इतरत्र असेलच, अशी खात्री देता येत नाही.

या साऱ्याचे खापर केवळ नफेखोरीवर फोडता येईल काय? तसे करावे, तर मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात, जेथे प्रणाली विनामूल्य मिळते, तेथे हे दुःख नसावयास हवे होते. पण तेथेही ते आहे. ‘उबुंटू’ या प्रणालीची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी निघते. तिच्या साध्या आवृत्त्यांचा सांभाळ पूर्वी अठरा महिने होत असे. २०१३ पासून तो नऊ महिन्यांवर आला. दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या मात्र पाच वर्षे सांभाळल्या जातात. ‘फेडोरा’ची आवृत्ती साधारण तेरा महिने जगते. जगातील असंख्य यंत्रांचा गाभा असलेल्या ‘लिनक्स’च्या निवडक आवृत्त्या सहा वर्षे सांभाळण्याचे २०१७ मध्ये ठरले होते, २०२३ मध्ये ही मुदत पुन्हा दोन वर्षांवर आणण्याचे जाहीर झाले.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. एक फट सापडली की ती नव्या आवृत्तीत बुजवून भागत नाही. मागील प्रत्येक आवृत्तीत, तेथील जुन्या बांधणीला जुळेल अशा रीतीने, तेच काम पुन्हा करावे लागते. या कामात नवनिर्मितीचा आनंद नाही, कीर्ती तर नाहीच नाही. नवी इमारत उभारणाऱ्याचे नाव कोनशिलेवर लागते. जुन्या इमारतीची गळती काढणाऱ्यास कोणी विचारीत नाही. जे काम थोड्या माणसांच्या खांद्यांवर पडते आणि ज्याचा मोबदला कोणी देत नाही, त्याची मुदत आखूड होणारच. ग्राहकाचा वैताग खरा आहे. तसाच या अज्ञात डागडुजीवाल्यांचा थकवाही खरा आहे.

पण मुदत आखूड असणे वेगळे आणि दिलेला शब्द फिरविणे वेगळे. ‘सेंटओएस’ या विनामूल्य प्रणालीची कथा या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिची आठवी आवृत्ती सप्टेंबर २०१९ मध्ये आली, आणि ती २०२९ पर्यंत सांभाळली जाईल असे गृहीत धरून अनेक संस्थांनी आपली कामे तिच्यावर सोपविली. डिसेंबर २०२० मध्ये अकस्मात जाहीर झाले की, तिचा सांभाळ ३१ डिसेंबर २०२१ रोजीच संपेल. आठ वर्षांची मुदत वर्षभरावर आली. त्याच वेळी तिच्या आधीच्या सातव्या आवृत्तीचा सांभाळ मात्र ठरल्याप्रमाणे जून २०२४ पर्यंत चालू राहिला. म्हणजे ज्यांनी उपदेश ऐकून तत्परतेने नव्यावर उडी घेतली ते फसले, आणि जुन्यास चिकटून राहिलेले सुखरूप राहिले. लोकांना ‘वेळेवर अपडेट करा’ असे सांगणाऱ्यांच्या शब्दाचे वजन अशा घटनांनी कमी होते. मुक्त सॉफ्टवेअरचा गुण असा की, तेथे कोणी वाट अडवू शकत नाही. २०२१ मध्येच ‘रॉकी लिनक्स’ आणि ‘अल्मा लिनक्स’ या दोन नव्या प्रणालींनी त्या ग्राहकांना आसरा दिला.

तात्पर्य, लोकांचा राग बदलावर नाही. मुदत किती ते आधी न सांगणे, सांगितलेली मुदत मोडणे, आणि डागडुजीच्या गाठोड्यात हौस बांधून देणे, यांवर तो आहे. आणि या तिन्ही गोष्टी सुधारता येण्याजोग्या आहेत. मोबाइल फोनच्या बाबतीत दोन-तीन वर्षांनंतर कंपनीने पाठ फिरविणे ही अनेक वर्षे रीतच झाली होती. परंतु ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगलने आपल्या पिक्सेल ८ साठी आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने आपल्या गॅलेक्सी एस २४ साठी सात वर्षांची ग्वाही दिली. जे काल परवडत नव्हते, ते आज परवडू लागले. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून फोन व घरगुती कॅमेरे यांसारख्या इंटरनेटशी जोडल्या जाणाऱ्या वस्तूंची सुरक्षा किती काळ सांभाळली जाईल, हे सांगणे उत्पादकांस बंधनकारक झाले. युरोपीय संघाचा जून २०२५ पासूनचा नियम त्याहून मार्मिक आहे. फोनसाठी उत्पादक जी अपडेट्स काढील, ती त्या नमुन्याचा अखेरचा फोन बाजारात आल्यानंतर किमान पाच वर्षे विनामूल्य मिळाली पाहिजेत. येथे मोजणी पहिल्या विक्रीपासून नव्हे, अखेरच्या विक्रीपासून होते. आणि न्याय आहे तो यातच. भारतात केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी पोर्टलही सुरू झाले. परंतु दुरुस्ती म्हणजे केवळ स्क्रू आणि सुटे भाग नव्हेत. प्रणालीचा सांभाळ हीदेखील दुरुस्तीच होय, ही जाणीव ग्राहकांच्या मागणीत अजून पुरेशी उतरलेली नाही.

ती उतरेपर्यंत साध्या माणसाने काय करावे? सुरक्षेची डागडुजी पुढे ढकलू नये. नवी आवृत्ती मात्र काही आठवडे थांबून, इतरांचा अनुभव पाहून घ्यावी. कोणतेही अपडेट करण्यापूर्वी कागदपत्रांची एक प्रत संगणकाबाहेर काढून ठेवावी. यंत्र विकत घेताना किमतीबरोबर सांभाळाची अखेरची तारीखही विचारावी, आणि ती पावतीच्या पाठीवर लिहून ठेवावी. मुदत संपलेले पण धडधाकट यंत्र भंगारात घालण्यापूर्वी त्यावर उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती किंवा ‘डेबियन’सारखी विनामूल्य प्रणाली चालते का, हे पाहावे. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला. त्यात धडधाकट यंत्रांची भर घालण्याचे कारण नाही.

आणि छापखान्याच्या कोपऱ्यातील त्या पिवळट संगणकाचे काय? त्याच्यासाठीही वाट आहे, पण ती यंत्र चालू असेतोवरच मोकळी आहे. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये नेणारी साधने उपलब्ध आहेत. रूपांतर केल्यावर रफार, वेलांट्या आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावी लागतात. काम कंटाळवाणे आहे, पण ते एकदाच करावयाचे आहे. कारण युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक आहे. मराठीतील ‘म’चा क्रमांक २३५०, मग फॉन्ट कोणताही असो, कंपनी कोणतीही असो, प्रणाली कोणतीही असो. आणि एकदा दिलेला क्रमांक काढून घेतला जाणार नाही वा हलविला जाणार नाही, असे युनिकोडचे जाहीर धोरण आहे. ज्या संगणकाच्या जगात प्रणालीचे आयुष्य महिन्यांनी मोजले जाते, त्याच जगात मुदत नसलेले असेही एक वचन दिले गेले आहे, आणि ते आजवर पाळले गेले आहे.

आजीच्या शिवणयंत्राने तीन पिढ्यांची सेवा केली, ती त्याच्या लोखंडाच्या बळावर जितकी, तितकीच गावात पट्टा बदलून देणारा कारागीर होता म्हणून. संगणकाच्या ग्राहकाचे मागणे याहून मोठे नाही. नवे जरूर यावे. पण जुन्याचा कारागीर कोणत्या तारखेस दुकान बंद करणार, हे विकणाऱ्याने पैसे घेतानाच सांगावे, आणि सांगितलेल्या तारखेपर्यंत दुकान उघडे ठेवावे.